उपोसथाचे हलके ठोके

मित्रांनो, बघून कुणी हात जोडावेत असे माझ्यात काही नाही. मी एक जुनी स्प्रिंग आहे. लांबी वीतभर, जाडी अंगठ्याएवढी, एका टोकाला गंजाचा पट्टा. सध्या मुक्काम एका प्रयोगशाळेतल्या कपाटावर, मोडक्या पंख्याच्या शेजारी. पंखा फार बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझी उमेदीची वर्षे थायलंडच्या ईसान भागातल्या एका भातगिरणीत गेली. तांदळाची पोती तोलणारा जो टांगता काटा असतो, त्याच्या पोटात मी होते. माझ्या अंगाला जे टांगले जाई त्याचे वजन मला कळे, आणि टांगणाऱ्याचेही कळे. शेतकरी पोत्याच्या तळाशी ओला तांदूळ भरून आणी. गिरणीवाला बोलता बोलता पोत्याखाली पायाचा अंगठा टेकवी. दोघेही एकमेकांना हसून नमस्कार करीत आणि दोघांनाही वाटे, आपलेच साधले. खरे वजन फक्त मला ठाऊक असायचे. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणी कितीही गोड बोलले तरी मी आधी भार किती पडला ते बघते.

पुढे गिरणीत विजेवर चालणारा काटा आला आणि मी भंगारात पडले. तिथून मला उचलले आचान पेन्सिरी यांनी. आचान म्हणजे आमच्याकडचे सर किंवा मॅडम. त्या विद्यापीठात शिकवायच्या. भंगारवाल्याच्या ढिगातल्या सात स्प्रिंगा त्यांनी ओढून सोडून बघितल्या. सहा जणी सोडल्यावर लटपटत राहिल्या. मी एका झटक्यात जागेवर आले.

"ही घेते," आचान म्हणाल्या. "हिला शिस्त आहे."

इतक्या वर्षांत मला मिळालेली ही पहिली शाबासकी. काम कसले आहे ते कळल्यावर मात्र ती घशाशी आली.

मला सागाच्या फळीवर आडवे निजवून एक टोक घट्ट आवळले. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची पारदर्शक नळी बसवली. नळीच्या खाली स्पंजची जाड गादी. नळीत साठ फळमाशा भरायच्या, त्याच त्या, पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या बारीक लाल डोळ्यांच्या. वरून कापसाचा बोळा. मग मला ओढून सरळ उभी करायची आणि सोडायची. नळी गादीवर आपटे, थप्प! आतल्या माशा पाठीवर पडत, पाय वर. एका तुकडीला असे दहा ठोके, दर पाच मिनिटांनी एक.

क्रूर वाटते ना? मलाही वाटले. पण आचान काही मजा म्हणून हे करत नव्हत्या. गावोगावच्या मोटारसायकलींवरून पडलेली, रिंगणात डोक्यावर मार खाल्लेली माणसे इस्पितळात येतात, टाके घालून घरी जातात. पुढे वीस-तीस वर्षांनी त्यांचे काय होते, ते बघायला कोण थांबणार? माशीचे म्हातारपण दोन महिन्यांत येते. डोक्याला मार बसल्यावर आत काय बिघडते आणि ते कधी उघडे पडते, हे माशा लवकर सांगतात. माणसाच्या डोक्यावर मुद्दाम मारून काही बघता येत नाही. म्हणून ते ओझे या तीळभर जिवांवर पडले होते, आणि ते पाडणारी मी होते.

मला ओढायचे काम लुंग थोंगदींचे. लुंग म्हणजे काका; त्यांना सगळे काकाच म्हणायचे. वय अठ्ठावन्न, नाक एका बाजूला झुकलेले, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. तरुणपणी एकशे चाळीस लढती खेळलेले थाई मुष्टियोद्धे, ठोसे आणि लाथा दोन्हींनी लढणारे. आता ते माशांसाठी रोज सकाळी मोठ्या पातेल्यात मक्याचे पीठ, ताडगूळ, यीस्ट आणि चायना ग्रास शिजवत. वास इतका छान सुटे की नवे विद्यार्थी वाटी घेऊन यायचे.

ठोका मारला की लुंग नळीवर वाकून पंचासारखे आकडे मोजत.

"एक... दोन... तीन... ऊठ गं बाई, लोकांनी तिकीट काढलंय!"

"लुंग, माझ्या माशांवर पैज लावू नका," नारुमोन म्हणायची. ही आचानांची विद्यार्थिनी. हा सगळा प्रयोग तिच्या पदवीचा होता.

"पैज कुठली, पोरी? ही डाव्या कोपऱ्यातली बघ. सहाच्या आत उठली. हिला गुरू चांगला मिळाला असणार."

माणूस विनोदी होता, पण माशा उठेपर्यंत नळीवरची नजर हलवायचा नाही. मला ते आवडायचे. गिरणीत पोते खाली ठेवल्यावर पोत्याकडे कुणी बघत नसे.

लुंगची नात कुंग, बारा वर्षांची. आई-बाप दूर रायोंगच्या कारखान्यात, म्हणून ती आजोबांकडे. त्यांना ती "ता" म्हणायची, आमच्याकडे आईच्या वडिलांना तसेच म्हणतात. शाळा सुटली की ती थेट प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात येई, आणि लुंग तिला आंब्याखाली लढायला शिकवीत. नदीत दिवे सोडायच्या लोय क्राथोंगच्या जत्रेत तिची पहिली लढत ठरली होती. आई-बाप त्यासाठी रजा काढून येणार होते.

माझी फळी खिडकीशी होती, त्यामुळे मला सारे दिसे. लुंगची शिकवण्याची रीत एकच. कुंगचा हात हनुवटीखाली घसरला, की तिच्या कपाळावर मोज्यासारख्या मऊ, जुन्या ग्लव्हची टपली. टप्.

"दुखत नाही, ता!"

"दुखायला मारतच नाही. आठवण द्यायला मारतो. हात वर!"

टप्.

"आता तर वर होता!"

"वर होता, पण कामाला नव्हता."

दोघेही हसत. मी आपली सवयीने मोजत असे. रोजच्या पन्नास-साठ तरी व्हायच्या. लुंगना त्यात काही वावगे वाटत नव्हते. आमच्याकडचे सगळे वस्ताद याच गोष्टीचा अभिमान बाळगतात: सरावात हलके खेळायचे, ताकद जत्रेसाठी राखायची. हलक्या मारातून कधी कुणाचे काही बिघडले नाही, असे त्यांना त्यांच्या वस्तादाने सांगितले होते आणि त्याला त्याच्या.

आता घोटाळा कसा झाला तो ऐका.

त्या वर्षी वर्षावासात, भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या महिन्यांत, लुंगनी विहारात जाऊन संकल्प सोडला, की दर उपोसथाला पंचशील काटेकोर पाळायचे. उपोसथ हा आमचा व्रताचा दिवस चंद्राच्या तिथीने येतो, साधारण आठवड्याला एकदा. कधी मंगळवार, कधी बुधवार. त्या दिवशी लुंग मासा कापत नसत, डास हाताने वारत. आणि त्याच दिवशी समोर साठ माशांची नळी!

पहिल्या उपोसथाला त्यांनी मला धरले, अर्ध्यापर्यंत ओढले आणि थांबले. मी वाट बघतेय पुढच्या ओढीची, तर त्यांनी मला तिथूनच सोडले. नळी गादीला नुसती टेकली म्हणा ना. एकही माशी पडली नाही. लुंगनी इकडेतिकडे बघितले, नोंदवहीत "दहा ठोके, पूर्ण" असे लिहिले आणि जेवायला गेले. दुसऱ्या उपोसथाला तेच. तिसऱ्याला तेच.

मारायचे पाप नको, सांगून आचानना अडचणीत टाकायचे नको, आणि नोकरीही हवी. लुंगनी तिन्ही पोती एकाच काट्याला टांगली होती. मला त्यांची दया आली, पण वजन ते वजन.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या माशा मोजायची रीत होती. इतर तुकड्यांत दहा-पंधरा मरत. या तीन तुकड्यांत जवळजवळ कुणीच मरेना. नारुमोनच्या आलेखाला तीन कुबडे आली.

"माशा खोटं बोलत नाहीत," आचान म्हणाल्या. "मग बोलतंय कोण?"

"स्प्रिंग थकली असेल," नारुमोन म्हणाली.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मला फळीवरून सोडवले, वजने टांगून ताणले, मोजले, उलटसुलट केले. दोन दिवस माझ्या शिस्तीवर शंका घेतली गेली. लुंग तिथेच पातेले घासत उभे होते. खाली बघून इतके घासत होते की पातेल्याला भोक पडायची वेळ आली. माणसाची चूक लोखंडावर ढकलणे फार सोपे असते, लोखंड उलटून बोलत नाही.

मी निर्दोष निघाले. मग नारुमोनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तीन तारखांना टाचण्या लावल्या. अन्न कधी बदलले, पंखा कधी बंद पडला, काही जुळते का ते तिला बघायचे होते. तिसरी टाचणी लावून ती मागे सरली आणि तशीच उभी राहिली. आमच्याकडच्या कॅलेंडरात उपोसथाच्या तारखेला बुद्धाचे इवलेसे चित्र छापलेले असते.

"आचान," ती हळूच म्हणाली, "तिन्ही टाचण्या बुद्धाच्या शेजारी आल्यात."

सगळ्यांच्या माना पातेल्याकडे वळल्या.

लुंगनी हात पुसले, जोडले आणि सगळे सांगून टाकले. "त्या दिवशी पूर्ण ताकदीनं नाही होत माझ्याच्यानं. अर्ध्यावरनं सोडतो. तुम्हीसुद्धा उपोसथाला डुकराचं मांस खात नाही की, आचान."

"नाही खात!" आचान कडाडल्या. "पण खाल्लं असं लिहून तर ठेवत नाही ना!"

लुंगनी खाली बघून पुन्हा हात पुसले.

आचानांनी तिन्ही तुकड्या फेकून द्यायला सांगितल्या. नारुमोनचे डोळे भरले होते, तिची तीन आठवड्यांची मेहनत होती ती. पण पोरगी हुशार. ती म्हणाली, "लुंग, तुम्ही कसं ओढत होता ते दाखवा जरा."

लुंगनी मला ओढले. तिने शाळेतला कोनमापक लावला. पुन्हा ओढायला सांगितले. वीसदा ओढून घेतले. वीसही वेळा मी त्याच रेषेवर. आयुष्यभर ठोसा कुठे थांबवायचा हे शिकलेला हात होता तो.

"आचान, फेकू नका," नारुमोन म्हणाली. "हा वेगळा प्रयोग आहे. लुंगनी न विचारता केलाय, एवढंच. एकशे ऐंशी माशा आहेत, हलका मार खाल्लेल्या. महिनाभर बघू."

आचानांनी नोंदवही ओढून "पूर्ण" या शब्दावर तीन ठिकाणी काट मारली, लुंगकडून "अर्धा" असे लिहून घेतले, सही घेतली, आणि होकार दिला.

यानंतर लुंगचा रुबाब बघण्यासारखा होता. जो येईल त्याला ते या तीन तुकड्यांच्या नळ्या दाखवत. "बघा, कशा नाचताहेत! हलक्या हातानं काही होत नाही. मी आधीपासून सांगतोय." जत्रा जवळ येत होती, आता तर त्यांच्या बाजूने विज्ञानही होते. आंब्याखालच्या टपल्या वाढल्या. मी मोजत होते. साठाच्या ऐंशी झाल्या, ऐंशीच्या शंभर. कुंग चुणचुणीत होती, झपाट्याने शिकत होती आणि प्रत्येक टपलीला हसत होती. खिडकीतून मला काही बोलता येत नव्हते. बोलता आले असते तरी काय बोलले असते? नळ्यांमध्ये काय चालले आहे ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

पहिल्या तुकडीला तीस दिवस झाले, त्या दिवशी माशांच्या चढण्याची परीक्षा होती. माशीला खाली झटकले की ती आपोआप वर चढते, तो तिचा स्वभावच. नळीवर एक रेघ असते. दहा सेकंदांत किती माशा रेघ ओलांडतात ते मोजायचे.

नारुमोनने सकाळीच एकदा मोजले होते. तिने लुंगना आकडा सांगितला, तर ते ऐकेनात.

"तू चिठ्ठी वाचून मोजतेस, पोरी. मनात असतं ते डोळ्याला दिसतं. चिठ्ठ्या झाक, मी मोजतो."

तिने तीन नळ्यांच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवले. प्रत्येकीत वीस माशा, सगळ्या एकाच वयाच्या. नळ्या माझ्याच फळीवर उभ्या केल्या.

लुंगनी पहिली झटकली. दहा सेकंद. सतरा वर.

"ही हात न लावलेली. झकास."

दुसरी झटकली. पाच वर. बाकीच्या तळाशी गोल गोल फिरत होत्या.

"ही पूर्ण मार खाल्लेली. बिचाऱ्या गं." त्यांनी नकळत हात जोडले.

तिसरी झटकली. लुंग आधीच हसत होते. दहा सेकंद झाले. नऊ वर.

हसू तसेच राहिले. "दोन नळ्या पूर्ण माराच्या आणल्यास होय? हलकी कुठाय?"

नारुमोनने कागद सोलला. खाली लुंगच्याच अक्षरात होते: "उपोसथ, अर्धा."

लुंगनी पुन्हा झटकली. आठ. पुन्हा. नऊ. ते नळीला नाक लावून बसले. एक माशी अर्ध्या वाटेपर्यंत चढली, थांबली, थोडी बाजूला गेली, पुन्हा थांबली.

"ही काय शोधतेय?" लुंगनी विचारले.

"कुठं जायचं होतं तेच विसरली असेल," नारुमोन म्हणाली, आणि तिने लगेच ओठ चावला. कारण लुंगही हल्ली गॅसवर पातेले ठेवून विसरत. तिला त्यांनी दोनदा दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली होती. सगळे ते वयावर घालत आणि हसत.

"पण या तर पडल्यासुद्धा नव्हत्या," लुंग म्हणाले. "एकसुद्धा नाही. मी स्वतः बघितलंय."

आचान दारात येऊन उभ्या होत्या. त्या या वेळी ओरडल्या नाहीत. "लुंग, माशी म्हणजे माणूस नव्हे. एका तुकडीवरून मी काहीच म्हणणार नाही. अजून दोन आहेत, पुढंही करावं लागेल. खात्री व्हायला वर्षं जातील."

"तुम्ही थांबा, आचान. तुमचं कामच आहे ते," लुंग म्हणाले. "माझी पोर महिन्यात रिंगणात उतरतेय. मी कशाची वाट बघू?"

त्या संध्याकाळी आंब्याखाली कुंग हात वर करून उभी राहिली. मुद्दाम एक हात खाली सोडला, टपली यावी म्हणून. आली नाही.

"ता, हात दुखतोय?"

"हातमोजे काढ. आजपासून डोक्याला हात नाही. आणि जत्रेतली लढत नाही."

मित्रांनो, नंतर जे झाले ते तुम्ही ऐकायला हवे होते. "सगळ्या वर्गाला सांगितलंय मी! आई रजा घेऊन येतेय! माशांना घाबरलात? एकशे चाळीस लढती खेळलेला माणूस माशांना घाबरतो?" तिने हातमोजे आंब्यावर फेकले. एक फांदीवरच अडकला. लुंग त्याच्याकडे बघत राहिले. तिकडे ती लढत ठरवणारा गावच्या आखाड्याचा वस्ताद चिडला, शेजारी हसले. कुंगने बोलणे टाकले. लुंगसाठी चिकट भाताची टोपली ती समोर आदळायची आणि पाठ फिरवून जेवायची.

नवव्या दिवशी दुसऱ्या तुकडीची परीक्षा होती. दार ढकलून कुंगच आत आली. शाळेचा गणवेश, कमरेवर हात.

"दाखवा मला तुमच्या त्या भित्र्या माशा."

लुंगनी तिच्यासमोर नळ्या ठेवल्या. कुणी काही समजावले नाही. तिने स्वतः झटकली, स्वतः मोजली. हात न लावलेल्या सोळा. हलक्या माराच्या आठ. तिने लुंगसारखेच पुन्हा पुन्हा करून बघितले. मग नळी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून.

"यांना किती ठोके?"

"दहा. अर्धे."

"एकाच दिवशी?"

"एकाच."

"आणि मला रोज किती?"

लुंगनी नळीचा कापसाचा बोळा उगाच नीट केला. आकडा माझ्याकडे होता, पण स्प्रिंगला कोण विचारते? कुंगने तो आपल्या मनाने काढला असावा, कारण तिचा चेहरा उतरला. मग ती आजोबांकडे बघू लागली, कधी नीट बघितलेच नव्हते तशी.

"आणि तुम्हाला, ता?"

"मला?" लुंग हसले. बोटांवर मोजू लागले. "आठव्या वर्षी आखाड्यात गेलो. रोज... सकाळी धर, संध्याकाळी धर... मग बँकॉकला... नाही, त्याच्या आधी..." ते थांबले. पुन्हा आठव्या वर्षापासून सुरू केले. पुन्हा तिथेच थांबले.

आमच्याकडे थोरांच्या डोक्याला लहानाने हात लावणे म्हणजे मोठा अपराध. शाळेत कुणाची टोपी पाडली तरी पाया पडून माफी मागावी लागते. कुंगने आधी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, वाकली, माफी मागितली. मग उभी राहिली आणि तिने आजोबांच्या पांढऱ्या केसांत हात घातला. बोटांनी चाचपत राहिली, जणू कुठे टेंगूळ सापडेल.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"दुखत नाही गं, कुंग," लुंग म्हणाले. "कधीच दुखलं नाही. म्हणून तर कळलं नाही."

कुंग जत्रेत लढली नाही. आई-बाप आले, तिच्याबरोबर नदीत केळीच्या पानांची नाव सोडून परत गेले. ती आजही सराव करते, पण पोत्यावर. तिच्या लाथांचा आवाज या कपाटापर्यंत येतो आणि मला गिरणीतली पोती आठवतात. लुंगना आचानांनी इस्पितळात नेऊन दाखवले. औषधे चालू आहेत. ठोके मारायला आता मोटरचे यंत्र आले आहे. ते सांगाल तेवढेच मारते, कुठलाही दिवस असो. त्याच्या नोंदवहीत "पूर्ण" आणि "अर्धा" असे दोन रकाने आहेत, आणि दुसरा रकाना आमच्या लुंगमुळे आहे.

मित्रांनो, त्या माशांनी माझ्यामुळे फार सोसले. त्यांची नावे नव्हती, पण त्यांनी जे सांगितले ते वाया जाऊ देऊ नका. धाकट्या भावाचा पाढा चुकला, मैत्रिणीने चेष्टा केली, शेजारच्या बाकावरचा झोपला, की तुमचा हात सहज त्याच्या डोक्याकडे जातो. लागणार नाही इतका हलका. तो हसेलसुद्धा. तरी हात मागे घ्या. हाक मारा, खांदा हलवा, हवे तर भांडा. लागले नाही असे तो म्हणाला, म्हणून लागले नाही असे लिहून टाकू नका.